दिवसाला अर्धा तास वाचणारे गृहस्थ

ई-रीडर घ्यायचं एकदा मनाशी ठरलं की माणसाचं वाचन बंद पडतं. डोळ्यांखालून अक्षरं जातात, पूर्वीपेक्षा जास्तच जातात, पण ती सगळी ई-रीडरबद्दलची. पडदा सहा इंची की सात, आठ जीबी की सोळा, पान उलटायला बटणं आहेत की नुसता टच, उजेड पांढराच राहतो की रात्री पिवळाही होतो. जेवणं आटोपली, ओटा आवरला की पूर्वी मी कादंबरी घेऊन लोळत असे. हल्ली तुलनेचे तक्ते घेऊन बसते. कादंबरीला निदान शेवट असतो. तक्ता संपत आला असं वाटतं तेवढ्यात कुठलीतरी कंपनी नवं मॉडेल काढते आणि एक उभा रकाना वाढतो.

या तक्त्यांतच मला ते गृहस्थ भेटले. त्यांचं नाव कुठे छापलेलं नाही, फोटोही नाही. पण सगळी यंत्रं बनतात ती त्यांच्यासाठीच. पहिली ओळख बॅटरीच्या रकान्यात झाली. किंडल पेपरव्हाइटच्या २०२१ सालच्या मॉडेलची बॅटरी एकदा भरली की दहा आठवडे चालते, असा कंपनीचा दावा होता. खाली बारीक अक्षरांत हिशेब: रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद, उजेड १३ वर. दहा आठवड्यांचे दिवस सत्तर, रोजचा अर्धा तास, म्हणजे एकूण भरले पस्तीस तास. ‘पस्तीस तास’ असं लिहिलं असतं तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं, म्हणून आठवडे. धंद्यात एवढं चालायचंच. मला नवल वाटलं ते त्या माणसाचं. उजेडाचे आकडे २४ पर्यंत जातात आणि हे बरोबर तेराला थांबतात. खुनी पुढच्याच पानावर सापडणार असो की नायिका विहिरीच्या काठावर उभी असो, अर्धा तास झाला की यांनी मिटलं. असा माणूस पूर्वी बँकेत कॅशियर असणार. दोन वाजता खिडकी बंद म्हणजे बंद.

पुढच्या रकान्यात ते पाण्यात होते. याच पेपरव्हाइटला ‘आयपीएक्स ८’ दर्जा आहे. गोड्या पाण्यात दोन मीटर खोल, साठ मिनिटं बुडवून ठेवलं तरी यंत्राला काही होत नाही. आता यांचं वाचन अर्ध्या तासाचं. उरलेला अर्धा तास हे गृहस्थ दोन मीटर पाण्याखाली काय करतात, याचा खुलासा कंपनीने केलेला नाही. समुद्राचं पाणी असेल तर खोली पाव मीटर आणि मुदत तीन मिनिटं. म्हणजे मालवणला गेले तर त्यांना चारोळ्यांच्या पुढे जाता येणार नाही.

साठवणीचा रकाना त्यांच्या संसाराची कल्पना देतो. सोळा जीबीत हजारो पुस्तकं मावतात. तीनशे पानांच्या पुस्तकाला दहा तास धरले तर यांच्या वेगाने एक पुस्तक वीस दिवसांचं, वर्षाला अठरा. हजार पुस्तकांना पंचावन्न वर्षं लागतील. हजारो म्हटलं की नातवंडांची तरतूदही झाली. मात्र वायर टिकणार नाही. २०२१ सालीच पेपरव्हाइटच्या चार्जिंगची पिन बदलली.

गृहस्थांचा मी तिरस्कार करत नाही. एवढा नेमस्त माणूस आमच्या सोसायटीत असता तर पार्किंगचे निम्मे तंटे मिटले असते. अडचण अशी की आमच्या घरात त्यांच्यासारखं वाचणारं कोणीच नाही.

वाचणारं माणूस म्हणजे माझे सासरे, अण्णा. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून ते सकाळच्या चहाला पुस्तक उघडतात ते जेवणाच्या ताटापर्यंत, आणि दुपारची डुलकी झाली की दिवेलागणीपर्यंत. दिवसाचे सहा तास सहज. दहा आठवड्यांची ती बॅटरी अण्णांच्या हातात सहा दिवससुद्धा टिकणार नाही. शिवाय उजेड तेरावर वगैरे नाही. ‘दिवा आहे ना, मग लावा की पूर्ण,’ हे त्यांचं धोरण आहे आणि ते घरातल्या सगळ्या दिव्यांना लागू आहे.

अण्णांसाठी या यंत्रात एकच गोष्ट मोलाची: अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. जाहिरातीत ही सोय शेवटून दुसरी असते, मी ती पहिली लिहिली असती. तिच्यातही एक मेख आहे. इंग्रजी अक्षरं सरळ ओळीत निमूट बसतात. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांट्या आणि मात्रा, पायाशी उकार. त्यांना वरखाली जागा लागते. अण्णांना दिसेल इतकं अक्षर वाढवलं की सहा इंची पडद्यावर जेमतेम सहासात ओळी उरतात. ‘तो’ म्हणून वाक्य सुरू होतं आणि तो कोण हे कळायला पान उलटावं लागतं. रहस्यकथेला हे फार पोषक आहे. वैचारिक लेखनाचं मात्र वाईट होतं, कारण आपल्याकडे विचारवंताचं वाक्य अण्णांच्या फॉन्टमध्ये साडेतीन पडदे चालतं.

ही यंत्रं कितीही वेगळी दिसली तरी त्यांचा प्राण एकच, ई-इंकचा पडदा. कल्पना अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधली. १९९७ मध्ये तिची कंपनी झाली, २००४ मध्ये सोनीने जपानात असा पडदा असलेलं पहिलं वाचनयंत्र आणलं आणि २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचं किंडल ३९९ डॉलरला बाजारात आलं ते साडेपाच तासांत संपलं. पडद्यात डोळ्यांना दिसणार नाहीत अशा बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण तरंगत असतात. वीज एका दिशेने दिली की काळे वर येतात, उलट दिली की पांढरे. हे कण थेट आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखे आहेत: झटका बसल्याशिवाय जागचे हलत नाहीत आणि एकदा वर येऊन बसले की वीज गेली तरी तिथेच. त्यामुळे समोरचं पान नुसतं दाखवत राहायला बॅटरी लागत नाही, लागते ती पान बदलताना. रेंगाळत वाचणाऱ्याचं बिल कमी. दिवा लावला तर गोष्ट वेगळी. आणि कमिटी बदलली तरी जुन्यांची सावली रेंगाळतेच. आधीच्या पानाची पुसट अक्षरं मागे दिसत राहतात, मग ती घालवायला पडदा मधूनच एकदा पूर्ण काळा होऊन पुन्हा उजळतो. अण्णांनी दुकानात हे पाहिलं आणि विक्रेत्याला म्हणाले, ‘बिघडलं वाटतं.’ त्याने समजावून सांगितल्यावर म्हणाले, ‘असं. म्हणजे बिघडलेलंच येतं.’

रंगीत ई-इंकही आता मिळते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची गाळणी बसवलेली असते. काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची आणि रंग त्याच्या निम्म्या, म्हणजे १५० ठिपक्यांचे. गाळणीमुळे रंग फिके दिसतात आणि मागचा कागदही थोडा काळवंडतो. मराठी वाचकाने यासाठी जास्त पैसे का द्यावेत, हे मला उमगलेलं नाही. आपल्या दिवाळी अंकांत रंगीत काय असतं, तर मुखपृष्ठ आणि बँकांच्या, बिल्डरांच्या जाहिराती.

माझी स्वतःची गरज वेगळी आहे. ठाणे ते सीएसएमटी, उभ्याने, एका हाताने. दुसरा हात वरच्या कडीला. लेडीज डब्यात सकाळी आठच्या सुमाराला पुस्तकाचं पान उलटायचं म्हणजे शेजारणीच्या अंबाड्याची परवानगी लागते. तिथे सव्वादोनशे ग्रॅमच्या आतलं यंत्र हे सुख आहे, यात वाद नाही. वाद आहे तो बटणांचा. टचचा पडदा बोट ओळखतो तसा पाण्याचा थेंबही ओळखतो. पावसाळ्यात खिडकीतून एक शिंतोडा आला की पान आपोआप पुढे जातं, दोन आले की प्रकरण. यंत्र पाण्यात दोन मीटर खोल सुरक्षित असतं, मुलुंडच्या पावसात मात्र भरकटतं. कडेला दाबायची बटणं असली की अंगठ्याने काम भागतं आणि शिंतोड्यांचा हस्तक्षेप बंद करता येतो. एवढी साधी गोष्ट. किंडलमध्ये ती ‘ओएसिस’ या महागड्या मॉडेलला होती. ते २०२४ मध्ये बंद झालं. त्या गृहस्थांना बटणं नको होती वाटतं. त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात.

पुस्तकाचा वास हवा, असं म्हणणारी मंडळी या चर्चेत मध्येच येतात. ती बहुधा कोरड्या हवेच्या गावची असतात. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की जो वास येतो त्याला बुरशी म्हणतात. तिच्या जोडीला कसर असते. कसरीने आमच्या संग्रहातलं जितकं मराठी साहित्य पचवलंय तितकं घरातल्या एकाही पदवीधराने पचवलेलं नाही.

मराठीचा प्रश्न काढला की तक्ता गप्प होतो. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात. हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम यांच्याबरोबर आपण आत गेलो. चांगलंच झालं. पण मराठी प्रकाशकांची पुष्कळ ई-पुस्तकं बुकगंगासारख्या आपल्याकडच्या दुकानांतून विकली जातात आणि ती त्या त्या दुकानाच्या ॲपमध्ये उघडतात. ॲप फोनवर चालतं, किंडलवर नाही. त्यावर उपाय म्हणून अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडर आहेत, बूक्ससारखे. पडदा ई-इंकचा आणि हवं ते ॲप टाका. हे वाचून मी खरोखर हुरळले होते. मग लक्षात आलं की ज्या दारातून बुकगंगा येणार त्याच दारातून व्हॉट्सॲपही येणार. फोनपासून सुटका व्हावी म्हणून इतके हजार मोजायचे आणि त्यात पुन्हा ‘टाकी साफ करण्याबाबत’ हा ग्रुप काळ्या-पांढऱ्यात वाचायचा, याला माझं मन तयार होईना.

राहतं ते फुकट साहित्य, आणि ते उदंड आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं मोफत वाटतंय. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून मंडळाचे जाडजूड ग्रंथ पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. ‘मोफत’ हा शब्द कानावर पडताच आमच्या घरात सहा इंची पडद्याची बाजू एकदम पडली, कारण पीडीएफचं पान शिवून टाकलेलं असतं. अक्षर वाढवलं की अख्खं पान वाढतं आणि निम्मं पडद्याबाहेर जातं. अर्धी ओळ वाचा, पान ओढा, उरलेली अर्धी वाचा, पुन्हा उलट ओढा. ग्रंथ वैचारिक असेल तर ओढाताण दुहेरी.

या पीडीएफचं दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करून घ्यावं, असं जाणकार सुचवतात. त्यासाठी कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं आणि आज जगभरचे वाचक ते वापरतात. पण आपली कितीतरी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली. पडद्यावर देवनागरी दिसते खरी, आतून मात्र ती इंग्रजी अक्षरांना चढवलेली वेशभूषा असते. रूपांतर केलं की वेश उतरतो आणि कंस, डॉलर, स्वल्पविराम, उलटं प्रश्नचिन्ह असं काहीतरी ओळीने बाहेर पडतं. पहिलं पान मी प्रायोगिक कविता म्हणून आदराने वाचलं.

टोरांटोला माझा भाचा असतो. तो दर डिसेंबरात येतो आणि ‘मावशी, येताना काय आणू?’ असं विचारतो. या प्रश्नाला ‘काही नको रे, तू ये फक्त’ असं उत्तर द्यायची आपल्याकडे रीत आहे. मी यंदा रीत मोडली. भाचा कोबोच्या बाजूचा निघाला. कोबो कंपनी मूळची टोरांटोची, २००९ सालची. पुढे जपानच्या राकुतेनने ती विकत घेतली, तरी भाचा तिच्याविषयी गावदेवीविषयी बोलावं तसं बोलतो.

‘मावशी, यात लायब्ररीचं कार्ड टाकायचं. पुस्तक घरबसल्या येतं आणि मुदत संपली की आपोआप परत जातं.’

‘आपोआप?’

‘आपोआप. कोणाला मागायला यावं लागत नाही.’

मी मागच्या कपाटाकडे पाहिलं. आपोआपची सोय आपल्याकडे असती तर त्या कपाटाचे वरचे दोन कप्पे एका रात्रीत रिकामे झाले असते, आणि ठाण्यातल्या निदान चार घरांत आनंदीआनंद झाला असता. पण ती सोय तिकडच्या कार्डाची आहे. आमच्या वाचनालयात अजून शिक्का आहे, वही आहे आणि पुस्तक उशिरा नेलं तर चष्म्यावरून बघणाऱ्या काकू आहेत. दंडाचे पैसे देता येतात, त्या बघण्याचं काय करायचं?

पुस्तक परत जाण्याचा दुसराही एक प्रकार आहे, तो भाच्याने तावातावाने सांगितला. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तकं त्यांच्या किंडलवरून दुरूनच पुसून टाकली. ती दुकानात ठेवणाऱ्याकडे हक्क नव्हते, असं कारण. पैसे परत केले, मागाहून जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑरवेलची, ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘१९८४’. नको असलेला मजकूर सत्ता कशी नाहीशी करते, हे ज्यात आहे नेमकं तेच. विनोदी लेखात मी हे मनाने रचलं असतं तर संपादकांनी ‘जरा जास्त होतंय’ म्हणून काट मारली असती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घ्यायची सोयही गेली. म्हणजे आपण घेतो ते पुस्तक नाही, वाचायची परवानगी, असा भाच्याचा मुद्दा.

मुद्दा बरोबर आहे, पण मला त्या २००९ च्या प्रकरणातला सभ्यपणा जाणवला. पुस्तक नेलं आणि पैसे ठेवून गेले. आमच्या कपाटातून ‘वाचून देतो हं’ म्हणून पुस्तकं नेणाऱ्यांपैकी कोणी एवढी रीत पाळलेली मला स्मरत नाही. माफीचं तर नावच नको. ई-रीडरचा सगळ्यात मोठा गुण कुठल्याच तक्त्यात नाही, तो इथे आहे: त्यातलं एक पुस्तक कोणी उसनं मागू शकत नाही. मागायचं तर यंत्रच मागावं लागेल, आणि तेवढं धैर्य फक्त सख्ख्या जावेत असतं.

टक्क्यांचंही सांगायचं राहिलं. या यंत्रात पानांच्या आकड्याऐवजी किती टक्के वाचून झालं ते दिसतं, आणि प्रकरण संपायला किती मिनिटं उरली तेही. आपल्या पिढीच्या मनावर पस्तीस टक्के हा आकडा कोरलेला आहे. पस्तीस झाले की पास. माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या यंत्रात कितीतरी पुस्तकं छत्तीस-सदतीसला सोडलेली आहेत आणि त्यांच्याविषयी त्या अधिकाराने बोलतात.

एवढं सगळं जमवून मी अखेर निवडीपर्यंत आले होते. सात इंची पडदा, कडेला बटणं, भाचा डिसेंबरात आणणार, वॉरंटीचं नाव काढायचं नाही. नवऱ्याने किंमत पाहिली आणि तो न बोलता गच्चीवर टाकी बघायला गेला, म्हणजे मंजुरी मिळाली. तेवढ्यात अण्णांनी तक्ता मागून घेतला. भिंग लावून शांतपणे सगळे रकाने वाचले, मागची बाजूही पाहिली.

‘अगं, यात शब्दकोडं कुठे लिहिलंय?’

‘शब्दकोडं नाही अण्णा, पुस्तकं वाचायची यात.’

‘पुस्तकं मी कागदावर वाचतोच आहे की. पेपरातलं कोडं मात्र हल्ली फार बारीक छापतात.’

कोडं म्हटल्यावर लिहिणं आलं. लिहिणं म्हटल्यावर पेनाने लिहिता येणारा ई-रीडर आला, आणि तो म्हणजे मोठा पडदा. २०२२ मध्ये आलेलं किंडल स्क्राइब १०.२ इंची आहे आणि त्याचं वजन ४३३ ग्रॅम. लोकलमध्ये एका हाताने ते धरून मी मुलुंडपर्यंतसुद्धा पोचणार नाही. मंडळाचे पीडीएफ ग्रंथ मात्र त्यात आरामात बसतील आणि अण्णांच्या फॉन्टमध्ये एक विचार एका पडद्यावर मावेल. किंमत पेपरव्हाइटच्या दुपटीहून जास्त. टाकी आता रोज बघावी लागेल.

मी नवा तक्ता आखायला घेतला आहे. अण्णा शेजारी बसून सूचना देतात. कोडं ते शिसपेन्सिलीनेच सोडवतात, कारण उभा शब्द चुकला की आडवे तीन खोडावे लागतात. त्यामुळे या पेनाच्या मागे खोडरबर असतं का, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. काही पेनांना असतं. त्याचे पैसे वेगळे.